वरच्या कोपऱ्यातली अट

मित्रांनो, गणित विभागाच्या शेवटच्या खोलीत भिंतीला ठोकलेला जुना दगडी फळा म्हणजे मी. खाणीतून काढून, कापून, घासून मला गुळगुळीत केलं आणि चार माणसांनी धापा टाकत दोन जिने चढवलं. तेव्हा माझा तोरा काय सांगावा! लोक आधी माझ्यावरून हात फिरवत, मग खडू उचलत. आता शेजारी पांढरे चकचकीत फळे आलेत आणि माझ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही.

इथे पीएच.डी. करणारी शून्यताई मात्र रोज यायची. हे नाव शिपाईमामांनी ठेवलेलं, कारण ती सदान्‌कदा शून्याच्या मागे. शून्य ते पाच एवढेच आकडे असलेलं घड्याळ घ्या. सहा झाले की पुन्हा शून्य. त्यात दोन गुणिले तीन म्हणजे शून्य! दोघांपैकी शून्य कुणीच नाही, पण एकत्र आले की सगळं साफ. अशा आकड्यांचे ठिपके काढायचे आणि ज्यांचा गुणाकार शून्य, ते रेघेने जोडायचे. या घड्याळांना आणि त्यांच्या भावंडांना ही मंडळी वलय म्हणतात. दोन मर्यादित, म्हणजे मोजकेच आकडे असलेल्या, वलयांची चित्रं रिकामी नसतील आणि सारखी असतील तर वलयंही सारखीच, हे तिचं प्रमेय. अट एकच: शून्य सोडून कुठलाही आकडा स्वतःशी गुणून शून्य होता कामा नये.

आमच्याकडे एक रीत आहे. माझा वरचा डावा कोपरा अटींचा. तिथलं कुणी पुसत नाही. शून्यताईची अट तिथे तीन वर्षं होती. पुसट झाली की ती पुन्हा गिरवायची. मान वर केली की अट समोर, त्यामुळे ती कागदावर उतरवायचं तिला कधी सुचलंच नाही. प्रबंध छापून झाला तरी सुचलं नाही.

तोंडी परीक्षेच्या सकाळी मामांनी पाहुण्यांसाठी मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं, कोपऱ्यासकट. पहिल्या तारखेला ताईला नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि पदवी हातात नसेल तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी प्रबंध उघडला. "हे सगळ्या मर्यादित वलयांना लागू आहे?"

"हो," ताई घाईत म्हणाली.

"मग सहाचं आणि आठचं चित्र काढा बघू."

ताईने खडू उचलला. सहाच्या घड्याळात दोन, तीन, चार, आणि मध्ये तीन. आठच्या घड्याळात दोन, चार, सहा, आणि मध्ये चार. दोन्हीकडे तीन ठिपके, दोन रेघा. चित्रं हुबेहूब सारखी, वलयं मात्र वेगळी. ताईने झटकन कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

"चार गुणिले चार सोळा, म्हणजे इथे शून्य," ती हळूच म्हणाली. "माझी अट होती... आठ त्यात बसत नाही."

"टाइप करताना ओळ गळली असेल हो," तिचे मार्गदर्शक सर घाईघाईने म्हणाले.

"तसं असेल तर आत्ताच दुरुस्त करून सही करते," परीक्षकबाई म्हणाल्या. "मूळ हस्तलिखितात आहे ना?"

सर ताईकडे बघत राहिले. एक 'हो' पुरला असता. मला तर वाटलं, म्हण गं बाई, म्हणून टाक!

"नाही," ताई म्हणाली. "कागदावर कुठेच नाही. चूक माझीच आहे."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग अट घालून प्रत्येक पायरी पुन्हा तपासावी लागेल. महिन्याने या."

सगळे गेल्यावर तिने फोन लावला. "आई, आज नाही झालं. नोकरी गेली बहुतेक... अगं, रडत नाहीये. प्रमेय खरं आहे गं."

महिन्याने तिला पदवी मिळाली. ती जागा मात्र दुसऱ्याला गेली होती.

मित्रांनो, लोकांचं लिहिलेलं मी जपतो, असा माझा गैरसमज होता. फडकं येईपर्यंत मी ते नुसतं धरून ठेवतो. म्हणून कळकळीने सांगतो, माझ्यावर खुशाल लिहा, खुशाल पुसा. पण जे रोज डोळ्यांसमोर आहे, ते आधी आपल्या वहीत उतरवून घ्या.