तीन मिनिटांची आपबीती

मानसिक आरोग्याचा निधी वाढवून मिळावा म्हणून विधिमंडळाच्या समितीपुढे रडायला संस्थेने माझी निवड केली होती. माझ्यापेक्षा जास्त सोसलेल्या बायका संस्थेत होत्या, पण संचालकबाईंच्या मते माझा आवाज माइकवर छान लागायचा. आठवडाभर त्यांनी माझी आपबीती कापून कापून तीन मिनिटांत बसवली. भावाने घरातले आरसे फोडले, ते ठेवलं. तोच भाऊ शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करून देतो, ते गाळलं. "त्याने करुणा पातळ होते हो," बाई म्हणाल्या आणि जिथे जिथे हुंदका द्यायचा तिथे पेन्सिलीने फुली मारून दिली.

संस्थेच्याच केंद्रात मिळणारं भावाचं महिन्याचं इंजेक्शन नेमकं सुनावणीच्या दिवशी होतं. ते चुकलं की आठवड्याभरात भिंती त्याच्याशी बोलू लागतात आणि आमच्या घरात कुणाला झोप लागत नाही. त्या दिवशी केंद्र उघडं असेल ना, असं मी बाईंना दोनदा विचारलं. "केंद्र बंद ठेवू का आम्ही? काहीतरीच तुमचं!" असं म्हणून त्यांनी मला उडवून लावलं.

सुनावणीच्या खोलीत शिरले तर मागच्या चारही रांगा आमच्याच. प्रत्येकाच्या अंगात निळा टी-शर्ट, छातीवर 'आमचं दार सदैव उघडं'. त्यात केंद्राची नर्सही! मी हबकलेच.

"खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्यात म्हणून सगळ्यांनाच आणलंय," ती कुजबुजली. "दाराची न् औषधांच्या फ्रिजची, दोन्ही किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये आहेत."

तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, इथं कुलूप आहे गं."

बाई पहिल्या रांगेत होत्या. किल्ल्या मागितल्या तर डोळे वटारून म्हणाल्या, "मतदान होईपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि आता तुमचाच नंबर आहे. फुल्या लक्षात आहेत ना?"

असल्या बाईच्या सांगण्यावरून मी आठवडाभर हुंदक्यांची तालीम केली, याची मला किळस आली. मी तिची पर्स उचलली आणि सदस्यांच्या टेबलावर उपडी केली. लिपस्टिक, कंगवा, आधीच छापून आणलेली आभारपत्रं, किल्ल्या. सदस्य दचकले. बाई मात्र पापणीही न लवता उठल्या. "पाहा साहेब, घरच्यांची ही अशी अवस्था होते!"

एक सदस्य चक्क डोळे पुसू लागले. मी किल्ल्या घेतल्या, नर्सचा हात धरला आणि निघाले.

टॅक्सीत नर्सच्या मोबाइलवर बाईंचा मेसेज आला: 'एकमताने मंजूर! पर्सची कल्पना अप्रतिम. पुढच्या वर्षीही तिलाच बोलवू.'

भाऊ केंद्राच्या पायरीवर बसला होता. फोन केल्यापासून तो तिथून हलला नव्हता. मला बघून त्याने तारखेचं कार्ड पुढे केलं.

"ताई, नीट बघून सांग," तो म्हणाला, "ही तारीख खरंच लिहिलीय, की मलाच दिसतेय?"