मी फिरलो की सगळं फिरतं

जरा मोठ्यानं बोलतो, राग मानू नका. हळू बोलणं आमच्या जातीत नाही. मी स्लॅबचा माल कालवणारा मिक्सर बोलतोय, इंदिरानगरच्या लंकाबाईंच्या टोळीचा.

नवऱ्यामागे टोळी सांभाळणाऱ्या लंकाबाईंनी मला आणलं तेव्हा माझा रंग पिवळाधमक होता. त्यांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तेव्हापासून प्रत्येक स्लॅबचं पहिलं घमेलं त्याच ओततात. इंजिनाला हँडल मारायचं काम बहिरूचं.

नाक्यावर चहा विकणाऱ्या भागीबाईंचं अर्थशास्त्र माझ्यावरच चालतं. टीव्हीवर कुणी बांधकामाच्या आकड्यांवरून देशाची तब्येत सांगू लागला की त्या म्हणतात, "याला उशिरा कळतंय. मिक्सर धडधडला की माझं पातेलं त्याच दिवशी चढतं." खोटं नाही. मी फिरलो की सिमेंटचं दुकान चालतं, खडीचा ट्रॅक्टर पळतो, फरशीवाल्यापासून वास्तुशांतीला झेंडू विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या चुली पेटतात.

मग मंदी आली. घरं जोत्यावरच थांबली. उरलीसुरली कामं तयार काँक्रीट आणणाऱ्या मोठ्या गाड्यांनी उचलली. त्यात आमच्याच माणसांनी घात केला. स्लॅब झाला की घरमालक टोळीला जेवू घालतो, ही आपल्याकडची रीत. शेवटच्या स्लॅबला काळ्या मसाल्याच्या मटणाचा वास सुटला आणि सगळे मला न धुताच पंगतीला पळाले. उरलेल्या मालाचा माझ्या पोटात दगड झाला.

मी जागचा हलेना. टोळी पांगली, कुणी देवळ्याला कांदे काढायला गेलं, कुणी द्राक्षाच्या छाटणीला. मला विकलं तर ही माणसं पुन्हा एकत्र यायची नाहीत, हे लंकाबाईंना ठाऊक होतं. तरी एक दिवस भंगारवाला आलाच. तो माझ्याभोवती फिरून लोखंड चाचपू लागला आणि मला रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. दिंडोरीचा द्राक्षबागाईतदार ज्ञानेश बोलत होता. "मावशी, सळई बांधून तयार हाय, पण मोठी गाडी ओढ्यावरच्या अरुंद मोरीवरून येईना. तुमचा मिक्सर चालू हाय ना?"

लंकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हाय. परवा येते," म्हणाल्या आणि भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग छिन्नी-हातोडा घेऊन त्या माझ्या ड्रममध्ये शिरल्या. बहिरूही आला. "मावशी, मटणाला पहिला मीच उठलो होतो."

"म्हणून तर बोलावलं. हाण."

त्या घावांनी माझी हाडं खिळखिळी झाली, पण एकेक ढेकूळ निघालं तसा जीव हलका झाला.

दिंडोरीत टोळी पुन्हा जमली. स्लॅब एकदा सुरू झाला की मधे थांबायचं नसतं. थांबलं की सांधा राहतो आणि छत जन्मभर गळतं. बहिरूनं हँडल मारलं. मी खोकलो, धूर सोडला आणि बंद पडलो. ज्ञानेशचं तोंड उतरलं. लंकाबाई नुसत्या माझ्या अंगावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बहिरूनं पुन्हा हँडल मारलं. या वेळी मी असा धडधडलो की बागेतली पाखरं उडाली, आणि शेवटचं घमेलं वर पोचेपर्यंत थांबलो नाही. सबंध स्लॅबला एकही सांधा राहिला नाही.

ज्ञानेशच्या आईनं, नवसाबाईंनी, जेवायला हाक मारली. वास तोच, काळ्या मसाल्याचा. पण कुणी जागचं हललं नाही.

"आधी याची आंघोळ," लंकाबाई म्हणाल्या. बहिरूनं पाणी आणि खडी टाकून मला फिरवलं, लख्ख केलं. मगच पंगत बसली. इतका मान मला नवा असतानाही मिळाला नव्हता.

आता सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय, गावभर बांधकामं निघालीत, मला श्वास घ्यायला सवड नाही. उद्या सकाळी माझ्या आवाजानं झोपमोड झाली तर शिव्या देऊ नका. शेजारी कुणाचं तरी घर उभं राहतंय, नाक्यावर पातेलं चढलंय. ज्या सकाळी मी ऐकू येणार नाही, त्या दिवशी खुशाल काळजी करा. चला, बहिरूनं हँडल हातात घेतलंय.