कोयत्याचे खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. स्वतःला खुरपे म्हणताना अजून संकोच वाटतो, कारण चौदा हंगाम मी ऊस तोडणारा कोयता होतो.

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून मला घडवले. पाथर्डीकडच्या बायडाबाईंनी मला हाती धरले आणि माझी बाभळीची मूठ त्यांच्या पंजाप्रमाणे झिजत गेली. टोळीतले लोक म्हणायचे, "बायडाबाईच्या कोयत्याला दुसरा घाव लागत न्हाई." ते कौतुक माझे की त्यांच्या हाताचे, हे मला कधी ठरवता आले नाही.

गेल्या हंगामात उसाच्या बुडाशी लपलेल्या दगडावर आपटून मी मोडलो. बायडाबाईंचे गुडघेही तेव्हाच गेले.

"आई, पुढल्या साली तू घरीच ऱ्हा," मुलगा गहिनीनाथ म्हणाला.

दिवाळीच्या तोंडावर मात्र माझे दोन्ही तुकडे फडक्यात बांधून त्या घोडेगावच्या बाजारात भागवत लोहारांपुढे जाऊन बसल्या.

"सांधून दे. मला तोडीला जायचंय."

"मावशी, सांधा पहिल्याच घावाला सुटंल. ह्याचा कोयता न्हाई व्हायचा आता. टोकाचं खुरपं व्हईल, मुठीकडची सुरी."

"नीट बघ की जरा."

"बघितलं. तुमचे गुडघे बी बघितले."

त्यांनी दोन्ही तुकडे ऐरणीकडे सरकवले. मग म्हणाल्या, "कर."

टोळीचा टेम्पो ऊसतोडीला निघाला तेव्हा सुरी त्यांनी सून चांगुणाच्या पिशवीत टाकली. सुरीला असलेली माझी जुनी मूठही गेली. मी गुळगुळीत, अनोळखी मूठ घेऊन भिंतीवर टांगलेले राहिले. बायडाबाई माझ्याकडे बघतही नसत. माझ्यावर तांबूस गंज चढला.

आठवड्यातून एकदा चांगुणाचा फोन येई. बायडाबाई दर वेळी एकच विचारत, "सुरीला धार हाय का?" ती "हाय" म्हणे आणि बोलणे संपे.

एकदा मात्र ती म्हणाली, "धार हाय, पर मूठ माझ्या हातात बसंना, आत्याबाई. तुमच्याच हाताची हाय ती. येताना माघारी आणते."

बायडाबाईंनी हळूच विचारले, "कवा येताय?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारले.

"गुढीपाडव्याला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली काढले, विटेच्या तुकड्याने घासले, तेलाचे बोट फिरवले. दारापुढच्या कांद्याच्या चार वाफ्यांत त्या मला घेऊन बसल्या. खुरपणे मला नीट जमते की नाही, कोण जाणे. त्यांनी तक्रार केलेली नाही.

मित्रांनो, लोखंड पाण्याने गंजते असे तुम्ही शिकला असाल. ते खरेच असणार. पण मला वाटते, कुणाचा हात लागला नाही म्हणूनही ते गंजते. तुमच्या घरी भिंतीला काही अडकवलेले असेल, तर एकदा काढून पुसा. मोडले असेल, तर त्याचे आता काय होईल, हे कुणा जाणत्याला विचारा.

माझ्या नव्या मुठीवर, अंगठ्याजवळ, एक लहानसा खळगा पडू लागला आहे. पाडव्याला अजून अवकाश आहे.