सात पायऱ्या

साल एकोणीसशे ब्याऐंशी. काकूंना ते विसरणं शक्यच नव्हतं. त्याच साली त्यांनी शिलाई मशीनला मोटर बसवली आणि त्याच साली काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

काका पोस्टमन. पस्तीस वर्षं गल्ल्या तुडवलेला माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अडकून पडला. चाकाची खुर्ची खिडकीशी लावून दिवसभर ते खालच्या न्हाव्याच्या दुकानातल्या गप्पा वरून बघत. ऐकू काहीच यायचं नाही.

"मला दुसरं काही नको गं," ते म्हणत. "डाव्या हातानं चाक ढकलीन आणि रस्त्यावर जाईन. कुणाला हाक मारायची पाळी नको."

म्हणून जागा विकून तळमजल्यावर घ्यायची ठरली. प्रश्न होता एजंटचा. "डोळ्यांतलं काजळ काढून नेतात हे लोक," नणंदेनं बजावलं. "माणूस पारखून घे."

काकूंनी पारखून घ्यायचं मनावर घेतलं.

पहिली आली ती एक किडकिडीत बाई. दारातच म्हणाली, "छप्पन्न."

"काय छप्पन्न?"

"पायऱ्या."

चहाला नको म्हणाली. खुर्चीची रुंदी मोजून वहीत लिहिली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "ओल आहे. गिऱ्हाइकाला मी सांगणार, आधीच सांगून ठेवते." मग काकांकडे बघत, पण काकूंना उद्देशून म्हणाली, "हे आता चालतील असं धरू नका. तशीच जागा शोधावी लागेल. चार-पाच महिने जातील."

बाई उतरून गेल्यावर काका म्हणाले, "माणूस आहे की फूटपट्टी!"

दुसरा आला तो तिशीचा, गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचा. दोन कप चहा प्याला आणि तिसरा मागून घेतला. काकांना पोस्टातल्या गोष्टी विचारल्या, पोट धरून हसला. मग एकदम म्हणाला, "काका, रस्त्यावर शेवटचे कधी गेलात?"

"अकरा महिने झाले."

तो खुर्चीसमोर पाठमोरा उकिडवा बसला. "चला, चढा."

काकांना पाठुंगळीला घेऊन तो छप्पन्न पायऱ्या उतरला. काकूंनी खिडकीतून पाहिलं, तर काका न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण, आणि भोवती सगळी जुनी मंडळी. काकूंचे डोळे भरून आले. मशीनवरचं कापड तसंच राहिलं.

"याच्या हातात किल्ली काय, जीवसुद्धा देईन मी," त्या नणंदेला म्हणाल्या. फूटपट्टीला नको म्हणून कळवलं. काकांनी नव्या एजंटचं नाव घोडा ठेवलं, आणि त्यालाही ते आवडलं.

तीन आठवड्यांत घोड्यानं जागा काढली. "तळमजला, काकू. अगदी तुमच्यासाठीच बांधल्यासारखी." बघायला जायच्या दिवशी काकू खुर्ची घेऊ लागल्या, तर म्हणाला, "ते ओझं कशाला टॅक्सीत? मी आहे की."

टॅक्सी थांबली. घोडा वाकला. "चल रे घोड्या!" काका ओरडले. जाता जाता त्यांची एक चप्पल निसटली. ती हातात घेऊन काकू हसत मागून चढल्या. आत गेल्यावर गळ्यातली टेप काढून त्यांनी सगळं मोजलं. पडद्यांसाठी खिडक्या, मशीनचा कोपरा, खुर्चीसाठी दारं. सगळं बसत होतं. त्याच आठवड्यात सह्या झाल्या.

सामान हलवायच्या दिवशी घोडा फिरकला नाही. काकांची खुर्ची फाटकापाशी उतरवली आणि ते समोर बघत राहिले.

"किती गं?"

काकूंनी पहिल्यांदाच मोजल्या. "सात."

उंच, अरुंद, दगडी पायऱ्या. सुताराला बोलावलं. त्यानं मान हलवली. "उताराला फळी टाकली तर ती भर रस्त्यात जाईल, काकू."

काकू तडक एजंटच्या कचेरीत गेल्या. त्यानं चहा मागवला.

"तळमजला म्हणाला होतास!"

"तळमजलाच आहे की. त्याच्याखाली आणखी मजला आहे का? आणि काकू, मी का तुमचे डोळे बांधले होते? तुम्ही स्वतःच्या पायांनी चढून आलात. गळ्यात टेप होती तुमच्या."

काकू कसंबसं म्हणाल्या, "निदान आठवड्यातून एकदा उचलायला ये."

"आलो असतो हो," त्यानं कमरेवर हात ठेवला. "पाठ धरलीय हल्ली."

चहा न पिता त्या उठल्या. घरी काकांनी खुर्ची फिरवून खिडकीशी नेली. इथून खाली न्हावी नव्हता, समोर भिंत होती.

काका आणखी चार वर्षं जगले. राहायला आल्यावर त्या पायऱ्या ते दोनदाच उतरले, एकदा दवाखान्यात जायला आणि एकदा कायमचे. पुढे घोड्याच्या तीन कचेऱ्या झाल्या, पाटीवर त्याचा हसरा फोटो आला. नणंदेनं आपली जागा त्याच्याकडूनच घेतली. "माझ्याशी तरी नीट वागला हो," असं ती सगळ्यांना सांगते. फूटपट्टीनं धंदा सोडला. गिऱ्हाइकं टिकत नव्हती म्हणे. ती एकदा काकूंकडे कपडे शिवून घ्यायला आली होती. दारात येताच सवयीनं म्हणाली, "सात." काकू मान खाली घालून तिचं माप घेत राहिल्या.

काकू अजून तिथेच राहतात. आता त्यांचेही गुडघे गेलेत, त्याही खाली उतरत नाहीत. खिडकीला पडदे तेच आहेत, त्या दिवशी माप घेऊन शिवलेले. सूतभरही चुकलेले नाहीत.