दोन्या फिदेलियाच्या कचेरीतली झोळी

मित्रांनो, मी एक झोळी आहे आणि आता बऱ्यापैकी जुनी. खांद्याला अडकून दारोदार हिंडते ती झोळी माझी लांबची नातेवाईक; मी निजायची. सुती दोऱ्याची, जाळीदार, या भिंतीतल्या कडीपासून त्या भिंतीतल्या कडीपर्यंत पसरलेली. आमच्या मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माणूस झोळीतच बाळसं धरतो, लग्न झालं की जरा रुंद झोळीत जातो आणि म्हातारपणी तिच्यातच खोकत पडतो. खाट असते ती पाहुण्यांना दाखवायला.

तिश्कोकोब गावातल्या एका आजीनं मला उभ्या चौकटीवर रेडिओ ऐकत विणलं. गाणी लागली की तिचा हात सैल पडे, बातम्या लागल्या की वीण घट्ट होई. म्हणून माझा मधला भाग फार मऊ आहे आणि कडा जरा राजकीय आहेत. माप जोडप्याचं. पण नशीब बघा, मला विकत घेतलं ते दोन्या, म्हणजे बाई, फिदेलिया पोत यांनी. त्यांच्याकडे जोडपी येतात ती सुटी व्हायला.

बायादोलिदच्या बाजारामागे त्यांची एका खोलीची कचेरी आहे. घटस्फोटाचे अर्ज, पोटगीचे कागद, मुलांच्या ताब्याचे करार त्या तयार करून देतात. आल्या माणसाला आधीच बजावतात, "मी वकील नाही हं. वकील तुमच्या वतीनं भांडतो. मी फक्त तुमचं भांडण सुवाच्य करून देते."

आईबाप टेबलाशी बसून कोण कधी काय म्हणालं ते आठवू लागले, की मूल माझ्यात येई. वर पंखा फिरे, खिडकीतलं ऊन माझ्या निळ्या जाळीतून खाली सांडे आणि फरशीवर पाणी हलल्यासारखं हले. टेबलावरचे शब्द माझ्यापर्यंत येत आणि भोकांतून गळून जात. मूल तेवढं वर राही. मग ते स्वप्नात शिरे. मुलांची स्वप्नं ओलसर असतात, सुती दोरा ती टिपून घेतो. छपरावर ऊन खाणारी घोरपड, विहिरीच्या तळाशी लागलेला दिवा, एकाच टेबलाशी जेवणारी चार माणसं, असं बरंच काही माझ्यात मुरलेलं आहे. लोक म्हणत, "दोन्या, तुमच्या झोळीत मूल रडत नाही." त्या म्हणत, "रडायचं काम मोठ्यांनी घेतलंय ना."

पुढे कचेरीत एक चकचकीत सोफा आला आणि मी गुंडाळून कपाटावर गेले. तिथं धूळ, एक पाल आणि मी असा आमचा शांत संसार होता. मग एका दुपारी अंपारो आली.

अंपारो सात वर्षांची. आई लेओकादिया बाजारात पानुचो, म्हणजे मक्याच्या भरल्या पुऱ्या, तळते, बाप निकानोर तीनचाकी चालवतो. घटस्फोटावर दोघांचं एकमत होतं. गेल्या कित्येक वर्षांतलं ते पहिलंच. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. बापाला पोरगी अर्धा आठवडा हवी होती आणि आई तिला त्याच्या घरी एक रात्रही निजू द्यायला तयार नव्हती.

"दोन्या, मी तिच्यासाठी खाट घेतलीये," निकानोर म्हणाला. "गुलाबी. कोर्टाच्या बाई घर बघायला येतात ना, त्यांना खाट लागते."

"मीसुद्धा घेतली," लेओकादिया म्हणाली. "माझी उंच आहे."

"आणि पोरगी?" दोन्यांनी विचारलं.

"पडते," दोघं म्हणाले. हे दुसरं एकमत.

पोरीचे डोळे तांबारलेले होते. ती सोफ्यावर बसली, घसरली, पुन्हा बसली, पुन्हा घसरली. दोन्या उठल्या, त्यांनी मला कपाटावरून काढलं, झटकलं आणि टांगलं. अंपारो आडवी होता होताच झोपली. तिचं स्वप्न मला लगेच कळलं. ती एका पुलावर उभी होती आणि पूल दोन्ही काठांपासून हलकेच सुटत होता.

"हे खाटेचं खूळ कुणी घातलं रे तुझ्या डोक्यात?" दोन्यांनी निकानोरला विचारलं.

"मेव्हण्यानं. तो कान्कूनला हॉटेलात आहे."

"मग त्याला खाटाच दिसणार! अरे, कोर्टाच्या बाई स्वतः झोळीत निजतात. त्या एवढंच बघतात, पोर झोपते का."

"याच्या घरात कशी झोपेल?" लेओकादिया उसळली. "नव्या वसाहतीतलं घर! भिंतीत एक कडी नाही!"

"मी बसवीन."

"तू? तू बसवलेल्या कडीला मी मांजरसुद्धा टांगणार नाही."

"मांजर नको," दोन्या म्हणाल्या. "रविवारी तूच जा आणि बसून बघ. ही झोळी घेऊन जा."

रविवारी दुपारी मी निकानोरच्या घरी पोचले. त्यानं दोन्ही भिंतींत कड्या बसवल्या होत्या. बोटांना सिमेंट तसंच होतं आणि एका अंगठ्याला चिंधी होती. लेओकादियानं कडी हलवली, ठोकली, तिला लोंबकळून पाहिलं. मग पाय आपटत माझ्यात बसली.

"करकरते."

"तो पंखा आहे," निकानोर म्हणाला.

दोष शोधायला म्हणून ती आडवी झाली. पहाटेपासून तव्याशी उभी असलेली बाई ती. माझ्या मऊ भागात तिचा राग हळूहळू पसरला, पातळ झाला आणि गळून गेला. ती घोरू लागली. बापलेक त्या गुलाबी खाटेवर देवळात बसावं तसे बसून राहिले. निकानोरची नजर कडीवरून हलेना.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. गालावर माझी जाळी उमटली होती.

"कडी धरते," ती म्हणाली. "बुधवार ते शनिवार. आणि डासांसाठी काहीतरी कर."

"करतो."

एवढंच. घटस्फोट काही टळला नाही. पण करारात ते चार दिवस आले आणि दोन्यांनी मला अंपारोला देऊन टाकलं.

पहिल्याच शनिवारी, आईच्या घरी न्यायला मला उतरवताना मात्र घोटाळा झाला. आईनं तिच्या बाजूचं टोक सोडलं, बापानं त्याच्या बाजूचं, आणि सवयीनं दोघांनीही ओढलं. माझा असा गुंता झाला, की डोकं कुठं न् पाय कुठं.

"सोडा! दोघंपण सोडा!" अंपारो ओरडली. फरशीवर बसकण मारून ती एकेक दोरा सोडवू लागली. थोड्या वेळानं तिच्या एका बाजूला आई बसली, दुसऱ्या बाजूला बाप. त्यांनीही एकेक दोरा हातात घेतला.

तेव्हा मित्रांनो, जुन्या झोळीचं एवढं ऐका. दोन भिंतींमध्ये टांगलं म्हणून झोळी फाटत नाही. ती त्यासाठीच विणलेली असते. बिघडतं ते उतरवताना. आधी दोन्ही टोकं एका हातात घ्या, सुतळीनं बांधा आणि मगच तिला हलवा. चुकून गुंता झालाच तर ओढू नका. खाली बसा. पोरांची बोटं बारीक असतात खरी, पण त्यांना एकट्यानं सोडवायला लावू नका.