आडाळ्याची साक्ष

टिंग.

दुपारची जेवणं आटोपली होती, घर चिडीचूप होतं आणि मथुरा माझ्यावर बसून नारळ खोवत होती. फडताळातला मोबाईल वाजला. तिने पदराला हात पुसून तो पाहिला, आणि अर्धी खोवलेली कवड तिच्या हातून निसटून माझ्या पाटावर पडली.

मित्रांनो, मी एक जुना आडाळो आहे. तुमच्याकडे मला विळी म्हणत असतील. मसुऱ्याच्या एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून माझं पातं घडवलं, बसायला फणसाचं लाकूड दिलं, डोक्यावर खोवणीचे दात काढले. मथुरेच्या आईने मला लेकीबरोबर सासरी, मालवणच्या किनाऱ्यावर पाठवलं. बांगडे, सौंदाळे, सुरमई, सगळं कापलं मी. लग्नघरची माणसं मला मागून न्यायची.

एक पाप मात्र माझ्या हातून घडलं. मथुरेची लेक रिया तेव्हा पाळण्यात होती. ती रडली, मथुरेने मान वळवली, हातातला मासा निसटला आणि मथुरेच्या डाव्या तर्जनीचं पेर मी नेलं. सासू सुभद्राने मला परसातल्या माडाच्या बुडाशी भिरकावलं. अख्खा पावसाळा मी तिथे गंजलो. मग मथुरेनेच मला घरात आणलं, दगडावर घासलं. "तेचो काय दोष," ती म्हणाली, "नजर माझी हलली." तेव्हापासून मी तिचाच.

तर त्या दुपारी मोबाईलवर आला तो एक खोटा व्हिडिओ होता. दुसऱ्याच बाईच्या अंगावर मथुरेचा चेहरा बसवलेला. त्यात काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तासाभरात तो वाडीभर फिरला. करणारा कोण, तेही सगळ्यांना कळलं. मासळी बाजारात पोरींचे चोरून फोटो काढणाऱ्या देवेशला मथुरेने महिन्यापूर्वी चारचौघांत फैलावर घेतलं होतं. "बघून घेतंय तुका," म्हणून तो गेला होता.

चौकीवरच्या वयस्कर जमादारांनी सांगितलं, "पुसून टाक, नंबर बदल, आठ दिवस घरात रव." मन वाईट नव्हतं त्यांचं, त्यांना तेवढंच ठाऊक होतं. मथुरेने पुसलं, पोलिसांच्या भीतीने वाडीतल्यांनीही पुसलं, आणि पुरावाच उरला नाही. आठ दिवसांचे बावीस झाले. बाजारात ती मासे विकायची त्या जागेवर दुसरी बसायला लागली. मथुरा रोज मला दगडावर घासायची, कापायला काही नसताना. मित्रांनो, लपवत नाही, मला तेव्हा देवेशची बोटं हवी होती. सगळी.

तेविसाव्या दिवशी पोलीस शिपाई तन्वी आली, ओरोसला अशाच गुन्ह्यांच्या तपासाचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच परतलेली. खुर्ची नको म्हणाली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"व्हिडिओतली ती तूच काय, असा मी इचारूचंय नाय, वयनी. पयल्या दिवशी आमका ह्याच शिकवल्यानी. व्हिडिओ खंय आसा?"

"पुसलंय," मथुरा म्हणाली.

तन्वीने क्षणभर डोळे मिटले. "आमीपण परवापर्यंत तसाच सांगी होतव."

दाराआडून सुभद्रा पुटपुटली, "माझ्या फोनात आसा. कोणी धाडल्यान काय म्हायत. माका पुसूक येयत तर ना."

तीन आठवड्यांत मथुरा पहिल्यांदा हसली.

तन्वीने आवाज बंद केला, भिंतीला पाठ लावली आणि व्हिडिओ एकटीने पाहिला. "हात बगूक शिकवल्यानी आमका. ही बाई डाव्या हातान केस सारता. पाचय बोटां धडधाकट. वयनीच्या हातार काय खूण आसा?"

सुभद्राने सुनेचा डावा हात धरून पुढे केला आणि मान माझ्याकडे वळवली. "ह्या मेल्यान खाल्लेला आसा एक."

शिवीच ती. पण इतक्या मायेची शिवी मला कुणी दिली नव्हती.

गुन्हा नोंदला गेला. सुभद्राचा फोन सायबर विभागाकडे गेला आणि व्हिडिओ पहिल्यांदा कुठून सुटला ते निघालं. आठवड्याने पोलिसांनी देवेशला भर बाजारातून नेलं. मथुरा त्या दिवशी परत आपल्या जागेवर बसली होती, मी तिच्या पुढ्यात, रिया बाजूला. तो समोर आला तशी तिने डावा हात त्याच्या तोंडासमोर धरला.

"मोज," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"मोज रे. शाळेत गेलं होतंस मा?"

मासळीवाल्या हसल्या. "साडेचार," देवेश तोंडातल्या तोंडात म्हणाला. तेवढ्यात मथुरेने सुरमईचं डोकं माझ्यावर एका झटक्यात उतरवलं, आणि तो दचकून मागे सरला. मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, पातं वापरून झालं की कोरडं करा, खोबरेल लावा, म्हणजे ते टिकतं. आणि कुणाचा असा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला, तर पुढे धाडू नका, घाबरून पुसूही नका. मोठ्या माणसाबरोबर पोलिसांकडे जा. त्या बाईला मात्र काही विचारू नका. तिच्या शेजारी नुसते बसा.

संध्याकाळी मथुरेने मला धुतलं, पुसलं, तेल लावलं. रिया आईच्या त्या थोट्या बोटाशी खेळत होती.

"आये," ती म्हणाली, "तुझा बोट तुटाक नसता, तर तुझा कोणी खरा मानल्यान असता?"