आमदाराच्या मुठीतला बत्ता

मी बत्ता बोलतोय. मसाला कुटायचा छोटा बत्ता नव्हे, नीरफणस कुटायचा. प्रवाळाच्या दगडाचा, बुडाला रुंद, मधे मुठीत मावेल इतका बारीक. आमच्या बेटावर बायका अळू खणतात, जाळी घेऊन मासे धरतात, पण वाफवलेला नीरफणस पाटावर घेऊन कुटायचं काम बाप्यांचं. म्हणून मला जन्मापासून बाप्यांचेच हात ठाऊक. माणूस तोंडाने काहीही बोलो, त्याची मूठ मला खरं सांगते.

मला घडवलं अकिओच्या मामाने. मामा वारला आणि मी अकिओकडे आलो. आमच्यात जमीन, घर, कुळ सगळं आईकडून चालतं, त्यामुळे मामाचं ते भाच्याचं. अकिओ तेव्हा शाळेत मास्तर होता. त्याला एकच बहीण, इनिता, आणि इनिताला एकच मुलगा, जोआकिम. म्हणजे उद्या मी त्या पोराच्या हाती जाणार होतो.

अकिओ पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मला होडीत घालून गावोगाव फिरला. भाषण फार करायचा नाही. उघड्या अंगाने पाटाशी बसायचा आणि गावासाठी कुटायचा. घाम गळायचा, माझं बूड फणसात रुतायचं, निघायचं. कुटलेला गोळा पानात बांधून आधी गावच्या म्हाताऱ्यांना, मग इतरांना. एक म्हातारा म्हणाला, मास्तर, शाळेत पोरांनाही असंच कुटता का? अकिओ म्हणाला, पोरांना कमी, मतं न देणाऱ्यांना जास्त. सगळे हसले. मीही हसलो असतो, तोंड असतं तर.

तो निवडून आला. आमदार झाला. राजधानीच्या बेटावर, वेनोला, राज्याच्या सभागृहात बसायला लागला. त्याने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. धक्का बांधला, दवाखान्याला छप्पर आणलं. पण त्याचा तळहात मऊ पडत गेला. कुटायला दुसरे यायचे, आणि लोक बघत असले की तो तेवढ्यापुरता मला हातात धरायचा.

आणखी एक बदल झाला. आमच्यात भाऊ बसलेला असला की बहीण त्याच्यासमोरून ताठ चालत नाही, कमरेत वाकून जाते. इनिता तशीच जायची. आमदार झाल्यावर अकिओ खुर्चीवर बसून वाट बघायला लागला, की आलेले बाप्येही वाकतात का. जो वाकायचा नाही त्याचं काम राहायचं.

पुढच्या निवडणुकीला समोरच्या बेटावरचा पेत्रुस उभा राहिला. त्या वेळी मला होडीत घेतलं ते कुटायला नव्हे, शकुन म्हणून. अकिओच्या बाजूच्या पोरांनी पेत्रुसची जाळी कोयत्यांनी फाडली. पेत्रुसच्या लोकांनी आमच्या होड्यांवर दगड मारले, एकाचा डोळा गेला. आमच्यांनी त्यांची एक होडीघराची झोपडी जाळली. आत माणूस नव्हता हे नंतर कळलं, जाळताना कुणी बघितलं नव्हतं. अकिओ रोज सांगायचा की मी कुणाला मारायला सांगितलेलं नाही. मारू नका असंही तो कुणाला म्हणाला नव्हता.

मोजणीच्या दिवशी शाळेच्या खोलीत मतं मोजत होते. बाहेर आंब्याखाली दोन्हीकडची माणसं जमलेली, चुली पेटलेल्या. लोकांना जुना मास्तर दिसावा म्हणून अकिओ स्वतः कुटायला बसला. पेत्रुसचा धाकटा भाऊ लुकास समोर आला. चांगला प्यालेला होता. एरवी तो साधा, थट्टेखोर पोरगा.

तो म्हणाला, "आमदारसाहेब, तुमची बहीण वाकून वाकून मतं मागत होती म्हणे. काय काय दिलं हो तिने?"

भावासमोर त्याच्या बहिणीबद्दल असलं आमच्याकडे सख्खा बापही बोलत नाही. बायकांनी पोरं उचलली आणि मागे सरल्या. पण मी मुठीत होतो, मला कळलं. मूठ सैल होती. अकिओला राग आलाच नव्हता.

मग लुकास हसत पुढे म्हणाला, "आतून खबर आलीय, मास्तर. तू हरलास."

तेव्हा मूठ आवळली. मी वर गेलो. पहिला घाव कपाळावर बसला आणि लुकास गुडघ्यांवर आला. दुसऱ्याला तो पाटावर पडला. तिसऱ्याची गरज नव्हती, तोही बसला. हाड फुटतं ते मला बुडाकडून कळलं. फणसाचा पांढरा गोळा लाल झाला. अकिओ उठला, हात पुसले आणि शाळेच्या दारातल्या माणसाला म्हणाला, "थांबलात का? मोजा."

खबर खोटी होती. अकिओच जिंकला, थोडक्यात.

पोलिसांनी विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, तो बहिणीवर बोलला. मग पुढे कोण काय सांगणार? भावाने भावाचं काम केलं, असं गावात ठरून गेलं, पोलीसही परत गेले. अकिओनेही तेच धरलं. वेनोच्या सभागृहात बहिणीच्या अब्रूवर भाषण केलं म्हणे. मला धुऊन फळीवर ठेवलं, पण माझ्या बारीक भोकांत गेलेलं रक्त निघालं नाही.

पेत्रुसकडून निरोप आला: आमच्या आईचा एक मुलगा गेला, तुमच्या कुळातला एक जाईल. आमच्या कुळात मुलगा एकच होता. जोआकिम, नुकता शाळेत जायला लागलेला.

इनिताने त्याची शाळा बंद केली. पाण्यावर जायचं बंद केलं. चुलीपाशी असली की त्याच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक आपल्या कमरेला बांधायची. होडीचं इंजिन ऐकू आलं की तिचा हात आधी दोरीवर जायचा. पोर कंटाळून म्हणायचं, आई, मी काय कुत्रा आहे का? ती म्हणायची, हो, भुंक. आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

अशा वेळी काय करायचं ते आमच्यात लहान पोरालाही माहीत. ज्याने मारलं त्याने मेलेल्याच्या घरी गुडघ्यांवर रांगत जायचं, मान खाली घालायची. त्यांनी उठवलं तर मिटलं. कापलं तर कापलं. इनिताने अकिओला निरोपावर निरोप पाठवले. अकिओ म्हणाला, आमदार रांगला तर उद्या मत कोण देईल? त्याने आपल्या जागी आपला मदतनीस धाडला, तांदळाच्या गोण्या आणि लिहिलेलं भाषण देऊन. गोण्या समुद्रात गेल्या. मदतनीस परत आला, त्याचे पुढचे दात तिकडेच राहिले.

त्यानंतर दोनच दिवसांनी जोआकिम दारात उभा होता. झाडीतून गलोलीने सोडलेला लोखंडी खिळा आला आणि त्याचा कान फाडून खांबात घुसला. बोटभर इकडे असता तर पोर संपलं होतं.

अकिओ बैठकीच्या घरात होता. भोवती पोरं, मधे कोयत्यांचा ढीग. कुणी कुठल्या होडीत बसायचं ते तो सांगत होता. मी त्याच्या मांडीशी होतो. इनिता आली. पोर कडेवर, कानाचं फडकं रक्ताने भिजलेलं. सगळ्या बाप्यांच्या मधून ती बसलेल्या भावासमोर येऊन उभी राहिली. ताठ.

अकिओ हळूच म्हणाला, "इनिता, खाली हो."

"मेलेल्या भावासमोर वाकत नाहीत."

"तुझ्या अब्रूसाठी मी माणूस मारला."

"माझं नाव घेऊ नकोस, दादा. माझ्यासाठी तू आयुष्यात कधी खेकडासुद्धा मारला नाहीस. जे केलंस ते तुझ्यासाठी केलंस, आणि फेडतंय माझं लेकरू."

ती गेली नाही. तशीच उभी राहिली. एकेक पोरगा उठून बाहेर गेला, कोयते तिथेच टाकून. शेवटी अकिओने मला उचललं. तो होडीकडे निघाला.

होडीत तो, इनिता आणि पोर, तिघंच होती, आणि मी. समोरच्या बेटावर तो किनाऱ्यापासून रांगत निघाला, मला दोन्ही हातांत पुढे धरून. शिंपल्यांनी गुडघे फाटले. पोरं थुंकत होती. कुणीतरी पाठीत लाथ मारली, तो आडवा झाला, पुन्हा रांगला. पेत्रुस कोयता घेऊन आला आणि पातं त्याच्या मानेवर ठेवलं. थोडं रक्त आलंसुद्धा.

लुकासची आई नेइसोम घरातून बाहेर आली. म्हणाली, "थांब रे पेत्रुस. मला विचारू दे. का मारलंस त्याला?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. बहिणीवर बोलला म्हणून. एवढं म्हटलं असतं तर त्याची मानही वाचली असती आणि खुर्चीही.

"मी हरेन, अशी भीती वाटली," अकिओ म्हणाला. "बहिणीचं फक्त नाव घेतलं."

म्हातारीने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. बाईच्या हातात मी पहिल्यांदाच गेलो. हात हलका होता, पण तिने मला दोन्ही हातांनी वर नेलं आणि त्याच्या उजव्या पंजावर आणलं, सगळं अंग घालून. बोटं मोडली. तो ओरडला नाही, मातीत तोंड खुपसून राहिला. तिने मला पुन्हा वर उचललं. किनाऱ्यावर इनिताने पोराचे डोळे झाकले.

मी वरच राहिलो. मग खाली आलो, जमिनीवर.

"उठवा त्याला," नेइसोम म्हणाली. "आणि पोराला आणा. जेवायची वेळ झालीय."

फणस पेत्रुसने कुटला. मला हातात घ्यायला तो तयार नव्हता, आईने घ्यायला लावलं. नेइसोमने पहिला घास जोआकिमपुढे धरला. इनिताने मधेच हात घातला, अर्धा तोडून आधी स्वतः खाल्ला, थोडी थांबली, आणि मग पोराला खाऊ दिलं. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. नेइसोम म्हणाली, "मीही हेच केलं असतं."

अकिओने खुर्ची सोडली. पोलिसांकडे स्वतः गेला, आता वेनोच्या तुरुंगात आहे. जोआकिम शाळेत जातो, एक कान तुटका घेऊन. मी नेइसोमच्या चुलीपाशी असतो. पुन्हा निवडणूक आहे आणि पेत्रुस उभा आहे. परवा तो मला शकुन म्हणून होडीत न्यायला आला. म्हातारी म्हणाली, हात लावशील तर याद राख.

ती किती दिवस पुरणार? म्हणून तुम्हाला सांगतो. मला उचलाल तेव्हा पाटावर काय आहे ते आधी बघा. मला फणस काय आणि डोकं काय, दोन्ही सारखंच लागतं. बघायचं काम तुमचं आहे.